गटांची फेरमांडणी : हैदराबादहून मामांस पत्र

काचीगुडा, हैदराबाद
फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप मामा,

आपले पत्र पोहोचले. हॉकी इंडिया लीगच्या अंतिम सामन्यात आमच्या हैदराबाद तुफान्सना बंगालच्या संघाकडून ४-३ अशी हार पत्करावी लागली, त्याबद्दल आपण माझे सांत्वन केलेत. परंतु एकट्या जुगराज सिंगने तीन गोल केल्यावर प्रतिपक्षाचा विजय न्याय्यच म्हटला पाहिजे. माझे शल्य निराळे आहे. हैदराबादचे नाव धारण करणारा हा संघ अंतिम सामना खेळला तो ओडिशातील रौरकेल्यास, आणि त्याआधीची एकही लढत इथल्या गच्चीबावलीच्या मैदानाच्या वाट्यास आली नाही. आठ संघ एकमेकांशी एकेकदा खेळल्यावर चार-चारांचे दोन गट पाडण्यात आले खरे. पण जवळजवळ सर्वांनाच परगावी खेळावयाचे असल्यामुळे कोण कोणत्या गटात पडला, यास प्रेक्षकाच्या लेखी काही अर्थच उरला नाही.

२००५ साली प्रीमियर हॉकी लीगचा पहिला हंगाम याच गच्चीबावलीस झाला, तेव्हा आपण मुद्दाम मुंबईहून आला होतात. आपण मराठा वॉरियर्सचे अभिमानी, कारण तिकडे धनराज पिल्ले. मी हैदराबाद सुलतान्सचा, कारण अन्न ज्या गावचे खावे त्याच्याशी बेइमानी कशी करावी! सामन्यापूर्वी फवाऱ्यांनी भिजवलेले ते हिरवेगार कृत्रिम मैदान, आणि पेनल्टी कॉर्नर मिळताच सुलतान्सकडून खेळणारा पाकिस्तानचा सोहेल अब्बास वाकून चेंडू स्टिकच्या कवेत घेई, तेव्हा क्षणभर श्वास रोखून धरणारे, कालपर्यंत पाकिस्तानविरुद्ध घोषणा देणारे आमचे लोक, हे आपणांस स्मरतच असेल. त्या वर्षी सुलतान्स अजिंक्य ठरले. तेव्हाही इतर संघांस स्वतःचे मैदान नव्हते, हे दूषण मी मान्य करतो. पण त्या लीगला दोन श्रेणी होत्या, आणि खालच्या श्रेणीत इम्फाळ, लखनौ, दिल्ली, चंदीगड यांचे संघ वर चढण्याच्या ईर्ष्येने झुंजत. पुढे ती दुसरी श्रेणी मोडीत निघाली, आणि ज्या मणिपुराने देशास इतके खेळाडू दिले त्याचा संघही त्याबरोबर दिसेनासा झाला. २००८ नंतर तर सारी लीगच बंद पडली.

माझे मागणे एवढेच, की गट पाडावयाचे तर ते शेजाराच्या तत्त्वावर पाडावेत. हैदराबाद आणि तामिळनाडू यांचे संघ आज आहेतच. बंगळूर आणि मुंबई यांस पुन्हा स्थान देऊन दक्षिणेचा एक गट बांधावा, प्रत्येक जोडीची एक लढत इथे व एक तिथे व्हावी, आणि रात्रीच्या गाडीत बसून सकाळी परगावच्या मैदानावर पोचणाऱ्या सामान्य रसिकास तिचा लाभ मिळावा. बर्फावरील हॉकीच्या उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक लीगने याबाबतीत स्वतःची चूक सुधारली आहे : अटलांटाचा संघ २०११ साली कॅनडातील विनिपेगला गेल्यावरही त्यास दोन हंगाम फ्लोरिडाच्या संघांबरोबर आग्नेय विभागातच ठेवण्यात आले होते, आणि ती विसंगती २०१३ च्या फेरमांडणीत दूर झाली.

विभागणीचे मर्म आपणां मराठवाड्याच्या माणसांस वेगळे सांगावयास नको. १ नोव्हेंबर १९५६ रोजी निजामाच्या जुन्या मुलखाचे तीन राज्यांत वाटप झाले. आपल्या पाच जिल्ह्यांनी मुंबई राज्याची वाट धरली, आणि आमच्यासारखी कुटुंबे मागे राहिली. ती वाटणी दुःखाची असली तरी लोकांच्या भाषेचा आणि ओढीचा विचार करून झालेली होती, म्हणूनच मराठवाड्यापुरती तरी ती टिकली. खेळाच्या दफ्तरात बसून सोयीपुरते आखलेले गट दुसऱ्या हंगामापर्यंत कोणाच्या स्मरणात राहतील, असे मला वाटत नाही.

चर्चगेटच्या हॉकी स्टेडियमवर ज्यांनी आयुष्य काढले अशी मंडळी आपल्या परिचयाची आहेत. मुंबईच्या संघाचा आणि दक्षिण गटाचा विचार व्हावा, अशी लेखी विनंती त्यांच्या सह्यांनिशी हॉकी इंडियाकडे आपण धाडावी. इकडील सह्या गोळा करण्याचे काम मी पत्करतो.

आपला आज्ञाधारक भाचा