आमच्या ओट्यामागची भिंत

तीस वर्षे आम्ही लोकांच्या स्वयंपाकघरांत टाइल्स बसवल्या. आमच्या स्वतःच्या ओट्यामागची कडप्प्याची पट्टी मात्र दोन वर्षे सुटलेली होती. पोरांची आई सांगायची, "अहो, पाणी मागे जातंय." आम्ही म्हणायचो, "बघू रविवारी." फारच झाले तर फटीत बोटाने पांढरे सिमेंट दाबायचे. महिनाभरात ते पुन्हा तडकायचे.

गेल्या पावसाळ्यात धाकटी लेक मिक्सरचे बटण दाबायला गेली आणि किंचाळली. बोर्डाजवळच्या ओल्या भिंतीला तिचा हात लागला होता. झटका हलका होता, पोर बचावली. आम्हाला मात्र त्या रात्री झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी कामाचा खाडा केला. मेन स्विच बंद करून वायरमनला बोलावले. त्याने बोर्ड ओट्यापासून दूर, वर घेतला. मग आम्ही हातोडीच्या दांड्याने एकेक टाइल वाजवून पाहिली. सात टाइल्स पोकळ बोलल्या. सांध्यातून छिन्नी घालून त्या काढल्या, तर मागचा माल काळा पडून मातीसारखा हातात आला. शिवाय झुरळांचे बिऱ्हाड!

खरे सांगायचे तर हे काम आमच्याच हातचे. घाईत टाइलच्या मधोमध मालाचा गोळा लावला की कोपरे पोकळ राहतात आणि पाण्याला तिथेच जागा मिळते. गिऱ्हाइकाच्या घरी असे केले असते तर त्याने शिव्या दिल्या असत्या.

भिंत आठ दिवस वाळू दिली. तोवर शेजारच्या मावशींच्या घरी दोन्ही घरांचा स्वयंपाक झाला. मग खरवडून नवा गिलावा केला. बुडबुडे थांबेपर्यंत टाइल्स बादलीत भिजवल्या आणि या खेपेला चारही कोपऱ्यांपर्यंत माल लावला. जुने डिझाइन दुकानात मिळेना, म्हणून मालकाला विचारून कामावरच्या उरलेल्या गुलाबी टाइल्स आणल्या. पांढऱ्यात गुलाबी. थोरली अजून हसते.

ओटा आणि भिंत यांच्या कोपऱ्यात मात्र सिमेंट भरले नाही. भांड्यांच्या वजनाने, खलबत्त्याच्या ठोक्यांनी ओटा किंचित हलतोच. सिमेंटला लवचीकपणा नाही, ते तडकणारच. तिथे सिलिकॉन लागते. कोपरा पूर्ण कोरडा करून ते भरले, साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने सारखे केले आणि चोवीस तास पाणी लागू दिले नाही. भगिनींनो, टाइल्स चकचकीत करायला ॲसिड वापरू नका. ते सांध्यांतले सिमेंट खाते आणि कडप्पाही खाते, कारण तो चुनखडीचाच दगड.

पोरांची आई आता अधूनमधून लाटण्याने टाइल्स वाजवून बघते. परवा खिडकीकडची एक पोकळ बोलली. उद्या सकाळी ती काढायची आहे. रविवारची वाट बघायची नाही, असे तिने बजावले आहे.