एका पिशवीत बीड जिल्हा

मैत्रिणींनो, प्रवासाच्या आदल्या रात्री घरातली सगळ्यांत जड पिशवी कुणाची भरते, सांगा पाहू? आपलीच ना! आणि ती उघडून बघावी तर त्यात आपलं म्हणून असतं किती? दोन साड्या, एक कंगवा, कुंकवाची डबी. बाकी मुलांचा खाऊ, ह्यांचं दाढीचं सामान, सासूबाईंचा काढा, कुणाकुणाकडे पोचवायचे लाडू आणि ‘असू दे, लागलं तर’ म्हणून कोंबलेलं काय काय. मग बस आली की ती पिशवी फळीवर चढवायला पुरुषमाणूस शोधायचा.

१७ मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला निम्मं तिकीट झालं आणि आमच्या गल्लीतल्या आम्ही तिघी-चौघी सुट्टीत आपल्या आपण बाहेर पडायला लागलो. बरोबर पुरुष नाहीत, तेव्हा फळीवर पिशवी चढवायला आपलेच हात. त्यामुळे माझं एकच माप ठरलं आहे. भरलेली पिशवी डोक्याच्या वर उचलून मनात पाच आकडे मोजायचे. हात थरथरले तर काहीतरी बाहेर काढायचं. काय काढायचं ते नंतर सांगते, आधी पिशवीचंच बोलू.

आमच्या बीड जिल्ह्यात चाकांची बॅग आणू नका. बीड शहराला रेल्वे मिळाली तीच मुळी १७ सप्टेंबर २०२५ ला, तीही अहिल्यानगरच्या बाजूनं. जिल्ह्याच्या आत फिरायला लाल गाडीच बरी. स्टँडवरची खडी, देवळांच्या पायऱ्या, दरीतल्या वाटा, ह्यांत त्या चाकांचा काय उपयोग? उलट बॅग आपल्यालाच कडेवर घ्यावी लागते. पाठीवरची सॅकच हवी, म्हणजे एक हात मुलाला आणि एक हात बसच्या दांडीला मोकळा राहतो.

सॅक लिटरवर मोजतात, दुधासारखी! एका दिवसाला वीस लिटर पुष्कळ. तीन-चार दिवसांना तीस ते पस्तीस. दुकानदार पन्नासची गळ्यात मारायला बघेल, ‘ताई, जास्त जागा बरी असते’ म्हणेल. बरी नसते! जागा रिकामी दिसली की आपला हात शिवशिवतो. पाठीचं मापही घ्या. मान खाली घातल्यावर मागे जे हाड टोचतं तिथपासून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेपर्यंत. बुटक्या बाईनं लांब पाठीची सॅक घेतली की पट्टा कमरेवर न बसता खाली मांड्यांशी येतो आणि सगळा भार खांद्यांवर पडतो. कमरेचा पट्टा नीट बसला तर वजन कमरेवर उतरतं. घागर आपण उगीच का कमरेवर घेतो? दुकानात रिकामी सॅक पाठीला लावून आरशात बघू नका, आत चार-पाच किलो सामान घालून दुकानभर फिरून बघा.

आता वजन. शाळेत मुलांच्या दप्तराला नियम आहे, मुलाच्या वजनाच्या एक दशांशाहून जास्त भार नको. तोच आपण आपल्याला लावून घ्यावा असं माझं मत आहे. पंचावन्न किलोच्या बाईनं साडेपाच किलो, त्यातही पाण्याची लिटरची बाटली म्हणजे एक किलो गेलंच.

आमची चार दिवसांची वाट अशी. बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढून कपिलधार, तिथून पाटोद्याकडे सौताडा, मागे फिरून केजवरून अंबाजोगाई आणि शेवटी परळी. निघण्याआधी बीडमधलं कंकालेश्वर बघून घ्या. कुंडाच्या पाण्यात उभं असलेलं असं देऊळ मी तरी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

कपिलधारला मन्मथस्वामींची समाधी आहे आणि पावसाळ्यात डोंगरावरून धबधबा पडतो. कार्तिकी पौर्णिमेला मराठवाड्यातून, कर्नाटकातून पायी दिंड्या येतात. त्यांतल्या म्हाताऱ्या बायकांचं सामान बघत बसावं. एक गाठोडं, त्यात एक लुगडं, तांब्या, पांघरूण आणि धपाटे. बस्स! सौताड्याला विंचरणा नदी कड्यावरून खाली उडी घेते आणि दरीत रामेश्वराचं देऊळ आहे. उतरताना काही वाटत नाही, चढताना पिशवीतली प्रत्येक वस्तू स्वतःचं नाव सांगते. साडी नेसून सॅक घेणार असाल तर पदर आधी कमरेला खोचा, मग पट्टे चढवा, नाहीतर खांद्याची पिन ताणून ब्लाउज फाटतो.

ह्याच मांजरसुंब्याच्या रस्त्यावर दिवाळीच्या सुमारास आलात तर ऊसतोडीला निघालेल्या गाड्या भेटतील. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, म्हणजे पाच-सहा महिने ही माणसं बाहेर असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बाजरीचं पोतं, तवा-परात, पत्र्याची पेटी, अंथरुणं, कोंबड्यांची डालगी, एखादी शेळी आणि सगळ्यांत वर मुलं. हे आपल्या सहलीच्या बेतात बसवून ‘बघा किती आटोपशीर संसार’ असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. हौसेनं कमी घेणं वेगळं, कमीच असणं वेगळं.

आमच्या वर्गातली एक मुलगी त्या दिवसांत मला विचारायला आली, “बाई, आम्ही जायलोत. दप्तराला जागा न्हाई म्हणत्यात, काय काय नेऊ?” शाळांतून हंगामी वसतिगृहं असतात, काही मुलं आजीपाशी राहतात, पण हिच्या मागे धाकटा भाऊ सांभाळायचा होता. आम्ही दोघींनी टेबलावर दप्तर पसरलं. गणिताचं पुस्तक, मराठीचं पुस्तक, एक दोनशेपानी वही, दोन पेन्सिली. बाकीचं माझ्या कपाटात. ते चार जिन्नस प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून अंथरुणाच्या वळकटीत आत बांधायला सांगितलं, म्हणजे पेटीत जागा मागावी लागणार नाही आणि उसाच्या फडात दवानं भिजणारही नाही. चैत्रात ती परत आली तेव्हा वही भरलेली होती, अर्धी गणितानं आणि अर्धी उचलीच्या हिशेबानं. तिच्या वडिलांना लिहिता येत नाही.

अंबाजोगाईला मात्र सवड काढून जा. योगेश्वरीचं दर्शन, हत्तीखान्याची लेणी आणि गावाबाहेर मुकुंदराजांची समाधी. ११८८ सालचा ‘विवेकसिंधु’ ह्यांचाच. इथेच दासोपंतांची पासोडी जपून ठेवली आहे. पासोडी म्हणजे जाडंभरडं सुती पांघरूण. दासोपंतांनी (१५५१–१६१५) सुमारे चाळीस फूट लांबीच्या पासोडीवर ‘पंचीकरण’ लिहून काढलं. आपण ग्रंथ नको लिहायला, पण एक मऊ जुनी सुती चादर जरूर घ्या. अंथरायला, पांघरायला, उन्हात डोक्यावर, आणि धर्मशाळेत आडोसा म्हणूनही.

आता काय काढायचं ते. अंगावरचे सोडून कपड्यांचे दोनच जोड. आमच्याकडची हवा कोरडी, रात्री धुतलेलं सकाळी वाळतं (पावसाळा सोडून हं). टर्किश टॉवेलऐवजी पंचा. साबणाची अख्खी वडी नको, तुकडा. जरीची साडी देवळाच्या पायऱ्यांवर कुणी बघत नाही. कपडे घडी न घालता गुंडाळा. जड वस्तू पाठीला चिकटून मधोमध, हलक्या तळाशी, पाणी बाजूला. आत एक मोठी प्लॅस्टिकची पिशवी घालून तीत सगळं भरा, पावसाची काळजी मिटते. पाळीची तारीख जवळ असो-नसो, ते सामान घ्याच. ते ‘असू दे’मध्ये मोडत नाही. आणि ह्यांचं दाढीचं सामान ह्यांच्या पिशवीत! पहिल्या दिवशी थोडी कुरकुर होते, दुसऱ्या दिवशी कुणाच्या लक्षातही राहत नाही.

परळी अंबाजोगाईहून पंचवीस किलोमीटरच्या आसपास. वैजनाथाचं देऊळ उंचावर, रुंद पायऱ्या, अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेलं. परळी रेल्वेचं जंक्शन आहे, लांबच्या मैत्रिणींना इथूनच घरची गाडी धरता येईल.

दिवाळीच्या आगेमागे आलात तर सॅकच्या कप्प्यात एक रिकामी कापडी पिशवी घडी करून ठेवा. बालाघाटाची सीताफळं तेव्हा रस्त्याकडेला पाट्यांतून विकायला असतात. २०१६ मध्ये बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. डोळे उघडलेली पण हाताला टणक लागणारी निवडा, पिकलेली घरी पोचेपर्यंत लगदा होतात. आणि ती पिशवी ह्यांच्या हातात द्या.