टवका

रंगाच्या बाबतीत मराठी माणूस फार बारकाईने बोलतो. कापडाचा रंग जातो, जुन्या लुगड्याचा विटतो, मुलाम्याचा उतरतो, भिंतीचा धरून धरून शेवटी पडतो. ही सारी कामे सावकाशीची. डोळा त्यांना सरावतो. टवका मात्र एका क्षणात उडतो. कपाच्या कडेचा उडो नाही तर मुलाच्या पुढच्या दाताचा, पुढे कित्येक दिवस उरलेला कप आणि उरलेला दात कुणाला दिसतच नाही. दाताच्या बाबतीत तर जीभही तिथेच जाऊन बसते.

माझ्या धाकट्या भावाच्या इलेक्ट्रिक गिटारीला खालच्या कडेवर असा एक टवका होता, रुपयाच्या नाण्याएवढा. वाद्य लालभडक, त्या लालीत आतले पांढरे अस्तर आणि त्याच्याही आत उघडे लाकूड. गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात कुणी तरी मांडवातली लोखंडी खुर्ची ओढली, ती येऊन तिच्यावर आपटली. त्या काळी धाकट्याने फिकीर केली नाही. १९७१ सालच्या 'हरे रामा हरे कृष्णा'मध्ये 'दम मारो दम'च्या आरंभी भूपिंदर सिंगांची गिटार जी उठते, ती त्याने सुरू केली की मांडवातली पोरे खुर्च्यांवर उभी राहत. टवक्याकडे पाहतो कोण!

आमच्या गारखेड्याच्या नावात खेडे आहे, प्रत्यक्षात आता नाही. क्रीडा संकुल आहे, सूतगिरणीच्या नावाचा चौक आहे, गल्लोगल्ली शिकवण्यांच्या पाट्या आहेत. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, त्याच्या मागून इतर आले, आणि या शहरातल्या कितीतरी घरांची चूल पाळीच्या भोंग्यावर पेटू लागली. धाकटा त्याच औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात रंगखात्यात होता. दिवसा पत्र्यांना रंग द्यायचा आणि रात्री गिटार वाजवायची, असे त्याचे पंधरा वर्षे चालले. दोन वर्षांपूर्वी त्याचे कंत्राट संपले आणि पुढे वाढले नाही. त्याच सुमारास गिटार खोळीत गेली आणि खोळ कपाटावर. तो घरात बोलत असे, पण विचारले तेवढेच.

गेल्या श्रावणात एके दिवशी त्याने खोळ खाली काढली. "दादा, ही विकून टाकतो. गिऱ्हाईक आलंय. टवक्यापायी दोन हजार कमी देतो म्हणतो."

आमचे चिरंजीव नववीत आहेत. त्यांचा त्या गिटारीवर कधीपासून डोळा. ते जेवणावरून उठून गेले. घरात दोन तट पडले, आणि ज्याची वस्तू तो मात्र कुठल्याच तटात नव्हता. तो म्हणाला, "विकायची तर विकायची, पण दोन हजार सोडायचे नाहीत. टवका मी भरतो."

आता गिटारीचा रंग हा गाडीचाच रंग, हे मला त्या महिन्यात कळले. माझे रसायन मॅट्रिकपाशी थांबलेले. पण धाकट्याचे ऐकले, थोडे वाचले, आणि गंमत वाटली. १८४६ साली शोनबाइन नावाच्या रसायनज्ञाने कापूस तीव्र आम्लांत बुडवून एक स्फोटक तयार केले. बंदुकीच्या दारूच्या जागी बसणारा कापूस! आमच्या मराठवाड्याच्या काळ्या मातीत पांढरा शुभ्र फुलतो तोच. त्याच कापसापासून पुढे सिनेमाची फीत झाली, बायकांचे नेलपॉलिश झाले, आणि १९२३ साली अमेरिकेतल्या ड्युपाँ कंपनीने मोटारींसाठी 'ड्युको' रंग काढला. त्याआधी मोटारीचा रंग वाळायला दिवसचे दिवस लागत. हा तासांत वाळू लागला. आपल्याकडचे रंगारी आजही सरसकट 'ड्युको मारला' म्हणतात ते यावरूनच. फेंडर कंपनीने १९५४ साली 'स्ट्रॅटोकास्टर' नावाची गिटार काढली, आणि पुढे गिऱ्हाइकांना निरनिराळे रंग हवेसे झाले तेव्हा ते मोटारींच्याच रंगांतून उचलले. फोर्डच्या गाडीचा लाल रंग अंगावर घेऊन गिटारी रंगमंचावर आल्या.

शस्त्राचे वाद्य होण्याची ही गोष्ट आपल्याला तरी नवी नाही. मिरजेचे सतारमेकर मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. हत्यारांचे दिवस सरले तसे ते हात भोपळ्याकडे आणि तारांकडे वळले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तिथे मात्र अंगावर लाखेची झिलई. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची आणि बोळ्याने हात फिरवत राहायचे. त्या झिलईला ओरखडा पडला तर नवा हात जुन्यात विरून जातो. ड्युकोचेही तसेच. धाकट्याने म्हणूनच आधी गिटारीच्या पाठीची झाकणी उघडून आतल्या न दिसणाऱ्या कडेला थिनरचा एक थेंब लावला. रंग चिकट झाला असता तर ड्युको. झाला नाही. "पॉली आहे," तो म्हणाला. अलीकडच्या बहुतेक गिटारींवर हाच कठीण, जाड थर असतो. नवा थर त्यात विरत नाही. वर चिकटतो आणि आपली कड दाखवत राहतो. ती कड मोडणे हेच खरे काम.

ते काम गच्चीवर झाले. थिनरचा वास स्वयंपाकघराजवळ आणायचा नाही, अशी सौभाग्यवतींची ताकीद होती, आणि ती योग्यच होती.

पहिले चार दिवस तर त्याने रंगच लावला नाही. नुसता लाल शोधला. आपण लाल म्हणतो आणि मोकळे होतो. त्याच्या लालात नारिंगीकडे झुकणारा एक आणि जांभळ्याकडे झुकणारा एक, आणि मध्ये आणखी पाच-सहा. पत्र्याच्या तुकड्यांवर त्याने ठिपके काढले. ओला रंग खोटे बोलतो, म्हणून ते वाळू दिले. दिव्याखालचाही खोटे बोलतो, म्हणून सकाळी उन्हात नेऊन गिटारीशेजारी धरले. दोन वर्षांत त्याने कुठल्या गोष्टीकडे इतका वेळ पाहिलेले मला आठवत नाही. चिरंजीव रुसवा विसरून तुकडे धरायला उभे राहू लागले.

मग आत पातळ गोंद मुरवून लाकूड बंद केले. त्यावर पांढरे अस्तर, त्यावर बारीक कुंचल्याने लाल, एका दिवसाला एकच हात. लाल पुरता वाळल्यावर फेविक्विकचे थेंब, थरावर थर, खड्डा भरून किंचित वर फुगेपर्यंत. दाढीच्या पात्याच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी गुंडाळली, म्हणजे पाते भोवतालच्या रंगावरून सरकते आणि मधला फुगवटा तेवढाच कापते. ही युक्ती मला फार आवडली. शेवटी पाण्यात भिजवलेला वॉटर पेपर : आठशे, हजार, दोन हजार नंबरचा, आणि रबिंगचा हात. चिरंजीवांना दोन हजारचा कागद फिरवायला मिळाला. आपल्याच हाताने आपण गिटार घालवतो आहोत हे त्यांना कळत होते, पण कागद काही सोडवेना.

मध्ये मी त्याला सांगून पाहिले, की अरे, परदेशात टवक्यांनाच किंमत आहे. आयर्लंडच्या रोरी गॅलाघरची १९६१ सालची गिटार. तिचा बहुतेक रंग झडून लाकूड उघडे पडलेले. ती २०२४ साली लिलावात आठ लाखांहून अधिक पौंडांना गेली. कंपन्या तर नव्या गिटारीचे मुद्दाम पोपडे काढून चढ्या भावाने विकतात. धाकटा पाते चालवता चालवता म्हणाला, "त्याचा रंग वाजवून गेलाय, दादा. माझा खुर्चीनं गेलाय." यावर मास्तरांजवळ उत्तर नव्हते.

गिऱ्हाईक नवरात्रात आले. कॉलेजातला पोरगा. त्याने गिटार उलटीपालटी केली, कडेवरून बोट फिरवले, मग खोळीतच कुठे टवका पडला असेल तशी खोळही पाहिली. "काका, दुसरी आणलीत का?" धाकट्याने त्याचे बोट धरून जागेवर ठेवले. "इथं होता. उन्हात तिरपी धरशील तर दिसेल." मी मनात म्हटले, गेले दोन हजार. पोराने गिटार उन्हात तिरपी धरली, बराच वेळ पाहिली, आणि पूर्ण पैसे मोजले.

चिरंजीव त्या रात्री जेवले, पण थोडेच.

आठ दिवसांनी तोच पोरगा मित्राला घेऊन आला. मित्राची निळी गिटार, तीन टवके. त्यानंतर एक काळी आली. सध्या आमच्या गच्चीवर आकाशकंदिलाशेजारी दोन गिटारी टांगलेल्या आहेत आणि खाली चकल्यांचा घाणा चालला आहे. निळ्याचा ठिपका काही केल्या जुळत नाही, म्हणून धाकटा सकाळपासून उन्हाची वाट पाहतो आहे. टवके भरून झालेली काळी चिरंजीव रोज संध्याकाळी खाली उतरवतात. मालकाच्या परवानगीने, असे ते म्हणतात.