पाचशे मिलिअँपिअर

माझा धंदा विजेचा. रास लफानच्या गॅस प्लांटमध्ये कुठल्या पंपाची मोटर सुरू होताना किती करंट ओढेल आणि त्याने ब्रेकर पडेल की नाही, हे आधी कागदावर काढून ठेवायचं, याचाच मला पगार मिळतो. थेट सुरू केलेली मोटर पहिल्या काही क्षणांत नेहमीच्या सहापट करंट मागते, हे वाक्य मी नवीन पोरांना इतक्यांदा ऐकवलंय की ती माझ्यामागे माझी नक्कल करतात. हे सगळं आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचा फजितीचा भाग नीट समजेल.

तर झालं असं. नवरात्रातला शुक्रवार. दोह्यातल्या एका शाळेचा हॉल, आमच्या मंडळाचा भोंडला आणि दांडिया. बायकांनी फेर, पाटीवरचा हत्ती आणि खिरापत वाटून घेतली आणि पुरुषांच्या वाट्याला नेहमीप्रमाणे सतरंज्या आणि "साऊंड" आला. साऊंडवाला केरळचा एक पोरगा. स्पीकर, मिक्सर आणि दोन डीजे प्लेअर तो भाड्याने आणणार, गाणी तेवढी आम्ही द्यायची. हे गाण्यांचं काम मी मोठ्या हौसेने अंगावर घेतलं. घरी माझी एक टेराबाइटची पोर्टेबल हार्ड डिस्क आहे. वीस वर्षांत जमवलेलं सगळं तीत आहे. म्हटलं, अख्खी डिस्कच नेऊ. ऐनवेळी कोणी काहीही मागू दे!

पहिला फेर संपला, दांडियासाठी रिंगण झालं. तीनेकशे माणसं असतील. इंडस्ट्रियल एरियाच्या कॅम्पवरून खास बस करून आलेली सांगली, बीड, लातूरकडची चाळीस-पन्नास पोरंही त्यात होती. आठवड्याची एकच सुट्टी, त्यात इस्त्रीचे शर्ट घालून आलेली. मी ऐटीत डिस्क प्लेअरला लावली.

टिक. टिक. टिक. दिवा लागला, विझला, परत लागला.

"सर, ये तो हार्ड डिस्क है," साऊंडवाला हळूच म्हणाला. डॉक्टर एक्स-रे बघून बोलतात ना, त्या सुरात.

आता थोडी शिकवणी. डीजेंचे हे प्लेअर मुळात सीडीचे. पायोनियरचा सीडीजे-५०० आला १९९४ साली, त्याच घराण्यातला सीडीजे-१००० आला २००१ मध्ये, आणि २००९ च्या सीडीजे-२००० पर्यंत यूएसबीने सीडीला जवळजवळ घरी बसवलं. पण जुन्या पिढीच्या प्लेअरचं यूएसबीचं भोक म्हणजे काही भिंतीतला प्लग नव्हे. यूएसबी २.० च्या नियमाप्रमाणे तिथे मिळतात ५ व्होल्ट आणि फार तर ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अडीच वॅट. पेनड्राईव्हला ते पुरून उरतात. पोर्टेबल हार्ड डिस्कमध्ये मात्र तबकडी असते आणि ती फिरवायला असते मोटर! सुरू होताना ती एक अँपिअरच्या आसपास मागू शकते. प्लेअर बिचारा देणार कुठून? तबकडी उठते, वीज कमी पडते, परत बसते. टिक. टिक. तोच हा आवाज.

सहापट करंटवाले साहेब सदऱ्याच्या बाहीने घाम पुसत उभे होते.

साऊंडवाल्याच्या पेटीत दोन तोंडांची एक जुनी केबल निघाली. एक तोंड प्लेअरला, दुसरं मोबाइलच्या चार्जरला. आता डिस्क गरगर फिरायला लागली. मी विजयी मुद्रेने बायकोकडे बघितलं. तेवढ्यात पडद्यावर उमटलं की ही डिस्क वाचता येत नाही. डिस्क एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेली. विंडोजला ती चालते, या प्लेअरला नाही, त्याला फॅट३२ हवं. पोटभर जेवण मिळालं, पण बोलीच कळेना, अशातली गत.

मग मोबाइल लावून बघितला. हॉलमध्ये नेटचा एकच दांडा. गाण्याआधी साबणाची जाहिरात लागली आणि गाणं सुरू होतंय तोच आमच्या खजिनदारांचा फोन आला. तीनशे माणसांनी मोठ्या आवाजात त्यांची रिंगटोन ऐकली. खजिनदार विचारत होते, "गाणी का थांबलीत?"

इतक्यात पाठीमागून आवाज आला, "साहेब, माझा लावून बघता का? बसमध्ये वाजतो तो."

कॅम्पवरच्या पोरांना घेऊन आलेले ड्रायव्हर. साताऱ्याकडचे, सगळे त्यांना मामा म्हणतात. हातात आठ जीबीचा पेनड्राईव्ह, टोपण हरवलेलं, वर चिकटपट्टी. "फक्त डिलीट काही करू नका हं."

लावला. दोन सेकंदांत यादी आली. एकच पेनड्राईव्ह, पण दोन्ही प्लेअर केबलने एकमेकांना जोडलेले असल्यामुळे दोघांनाही त्यातली गाणी दिसत होती. गोंधळ, जोगवा, कोळीगीतं, प्रल्हाद शिंद्यांपासून आनंद शिंद्यांपर्यंत सगळं. कॅम्पवरची पोरं जी सुटली! तोवर भिंतीला टेकून उभी होती ती, आता रिंगण त्यांच्याच ताब्यात गेलं. आमची बेतशीर दांडिया बाजूला राहिली आणि पाऊण तास नुसता दंगा झाला.

फायलींना नावं नव्हती, ट्रॅक ०१, ट्रॅक ०२ असंच. मी अंदाजाने एक लावला. ढोल नाही, ताशा नाही. जात्याची घरघर आणि त्यावर एका म्हातारीचा आवाज. ओवी म्हणत होती. हॉल एकदम गप्प झाला.

मामा गर्दीतून धावत आले. "बंद करा साहेब. आई आहे ती माझी."

मी गडबडलो आणि पेनड्राईव्ह उपटायलाच हात घातला. साऊंडवाल्याने माझं मनगट धरलं. "सर, लाइट!" दिवा लुकलुकत होता. हे प्लेअर पेनड्राईव्ह नुसता वाचत नाहीत, काय काय वाजवलं याची नोंदही त्यावर करतात. लिहिणं चालू असताना ओढला तर फायलींची सगळी यादीच बिघडू शकते. त्याने आधी आवाज खाली घेतला, यूएसबी स्टॉपचं बटण दाबून धरलं, दिवा विझू दिला आणि मग पेनड्राईव्ह काढून मामांच्या तळहातावर ठेवला.

नंतर खिरापत खाताना मामांनी सांगितलं. सुट्टीवर गावी गेले होते तेव्हा मोबाइलवर घेतलेला आवाज. २०२० च्या उन्हाळ्यात आई गेली. वंदे भारतच्या विमानात नंबर लागेपर्यंत तेरावा होऊन गेला होता. तो मोबाइलही पुढे बिघडला. आता आवाज आहे तो एवढाच.

"आणि हा कुठे असतो?"

"बसमध्येच की. डॅशबोर्डावर."

दोह्याच्या जुलैत, काचा बंद असलेल्या बसच्या डॅशबोर्डावर! पेनड्राईव्हमध्ये माहिती राहते ती इवल्याशा कप्प्यांत कोंडलेल्या विद्युतभारावर. तो भार वर्षानुवर्षांत थोडा थोडा गळतो, आणि उष्णतेत जास्त लवकर गळतो. मामांना मी त्यातलं काहीच बोललो नाही. पुढच्या शुक्रवारी लॅपटॉप घेऊन कॅम्पवर गेलो. दोन नव्या पेनड्राईव्हवर कॉपी केल्या, एक प्रत माझ्या त्या बदनाम हार्ड डिस्कवर ठेवली आणि एक व्हॉट्सॲपवर त्यांच्या मुलीला गावी पाठवली. दोन मिनिटांत तिचा फोन आला. मामा बोलत बोलत खोलीबाहेर गेले ते बराच वेळ आत आलेच नाहीत.

असो. मंडळाच्या साऊंडची जबाबदारी अजून माझ्याकडेच आहे, हे आश्चर्यच. आता ३२ जीबीचे दोन पेनड्राईव्ह नेतो. दोन्ही फॅट३२, दोन्हींवर तीच गाणी, दोन्ही आदल्या दिवशी त्याच प्लेअरवर वाजवून बघितलेले. चांगल्या प्रतीच्या एमपी३ चं पाच मिनिटांचं गाणं साधारण १२ एमबीचं होतं, म्हणजे ३२ जीबीत अडीच हजारांवर गाणी बसतात. एका दांडियाला किती लागतात हो? आणि चौसष्टचा घेतलात तर लक्षात ठेवा, विंडोजची फॉरमॅटची नेहमीची खिडकी ३२ जीबीच्या वर फॅट३२ देताना नखरे करत आली आहे. रस्त्यावर स्वस्तात मिळणारा "दोन टेराबाइट"चा पेनड्राईव्ह तर घेऊच नका, तो आकडा बहुधा वेष्टणावरच असतो.

मामांचा जुना पेनड्राईव्ह? तो परत बसमध्येच आहे. फक्त ट्रॅक १४ त्यांनी त्यातून काढून टाकलाय. तो आता कॅम्पवरच्या त्यांच्या पेटीत असतो, पासपोर्टच्या झेरॉक्सबरोबर.