अब्बांचं दीव

अब्बांनी दीव पाहिलं ते फक्त समुद्रातून. १९५० नंतरच्या त्या वर्षांत मंगळुरी कौलं भरलेल्या गलबतावर ते खलाशी होते. वेरावळला जाताना उजव्या हाताला किल्ल्याची लांबलचक भिंत दिसे, तिच्यामागे पांढरी चर्चं. तांडेल म्हणायचा, ‘तिथं फिरंगी आहे, उतरायचं नाही.’ गलबत पुढे निघून जायचं. डिसेंबर १९६१ मध्ये फिरंगी गेला, तोवर अब्बांनी समुद्र सोडून मुंबईत गिरणी धरली होती. ‘एकदा जाऊन येऊ,’ असं ते म्हणत राहिले, मीही ‘हो’ म्हणत राहिलो. ते गेल्यानंतर मी एकटाच गेलो.

आम्ही रेवदंड्याचे. आमचं बालपण फिरंग्यांच्या पडक्या कोटात, चर्चच्या उभ्या राहिलेल्या मनोऱ्याखाली आट्यापाट्या खेळण्यात गेलं. शेजारच्या चौलच्या बंदरात १५०८ साली मोठी आरमारी लढाई झाली, हे मला शाळेत कुणी शिकवलं नाही. इजिप्तहून अमीर हुसेनचं आरमार आलं होतं आणि त्याच्या मदतीला दीवचा सुभेदार मलिक अयाज आपल्या होड्या घेऊन आला होता. पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदा याचा तरुण मुलगा लोरेन्सो त्या लढाईत मारला गेला. बाप सूड घ्यायला ३ फेब्रुवारी १५०९ रोजी दीवच्या समुद्रात उतरला आणि त्यानं इजिप्तचं आरमार बुडवलं. म्हणजे दीवची गोष्ट आमच्या अंगणातून सुरू होते. अब्बांना हे सांगायला हवं होतं, असं आता वाटतं.

ऊनाहून बस घोघल्याला येते, पूल ओलांडला की बेट. चौफेर पाणी असलेली ही चिमुकली नगरपालिका. वणाकबारा आणि घोघला धरून सगळ्या जिल्ह्याची वस्ती २०११ च्या जनगणनेत ५२,०७४ भरली. १९८७ पर्यंत कारभार गोव्याबरोबर होता, मग दमणबरोबर, आणि २०२० पासून दादरा-नगर हवेलीही त्यात आली. गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे शनिवारी पूल ओलांडून येणाऱ्या बहुतेकांचं प्रेक्षणीय स्थळ बाटलीत असतं. मला खोली देणाऱ्यानं पहिला प्रश्न त्याचाच विचारला. ‘मी किल्ला बघायला आलोय’ म्हटल्यावर त्याला माझी कीव आली असावी.

किल्ला मात्र खरोखर बघण्यासारखा. तीन बाजूंनी समुद्र, जमिनीकडून खडक फोडून काढलेला खंदक, वर तोफा अजून पाण्याकडे तोंड करून. दिव्याजवळ उभं राहिलं की खाडीच्या तोंडाशी पाण्यात जहाजासारखा नांगरलेला पाणीकोठा दिसतो. पूर्वी तिथं तुरुंग होता. गाईड भराभरा सांगत होता : १५३५ साली किल्ला, १५३८ आणि १५४६ चे दोन वेढे, शूर पोर्तुगीज कप्तान. मी विचारलं, ‘मलिक अयाज कुठं होता?’ तो म्हणाला, ‘वो तो पहले का है.’

पहले का! मलिक अयाज म्हणजे दूर देशातून विकत आणलेला गुलाम. गुजरातच्या सुलतानाच्या पदरी तो मोठा झाला आणि या बेटाचं त्यानं बंदर केलं. खाडीच्या तोंडाशी पाण्यात बुरूज उभारून साखळी ताणली. चौलला हाती लागलेले पोर्तुगीज कैदी त्यानं नीट सांभाळले आणि दीवची लढाई हरल्यावर ते परत करून बेट वाचवलं. त्याला दुटप्पी म्हणणारे आहेत. मला तो दर्यावरचा शहाणा माणूस वाटतो. १५२२ मध्ये तो मेला, तोवर पोर्तुगिजांना इथं किल्ला बांधता आला नाही. पुढे हुमायूननं पाठ धरल्यावर बहादूरशहानं १५३४ मध्ये वसई आणि मुंबईची बेटं त्यांना दिली, पाठोपाठ दीवला किल्ल्याची परवानगी दिली, आणि १५३७ मध्ये याच पाण्यात पोर्तुगिजांच्या हातून तो मारला गेला. त्यानं १५३३ साली ओतवलेली, अरबी लेख कोरलेली मोठी तोफ आज लिस्बनच्या लष्करी संग्रहालयात आहे. किल्ला इथं, तोफ तिथं.

नागव्याच्या किनाऱ्यावर फांद्या फुटलेले ताड आहेत. लोक त्यांना होका म्हणतात. फिरंग्यांनी आफ्रिकेतून आणले, असं जो तो सांगतो. वनस्पतिशास्त्रज्ञ मात्र हा ताड आपल्याच पश्चिम किनाऱ्याचा धरतात. चक्रतीर्थाजवळच्या टेकडीवर ‘खुकरी’चं स्मारक आहे. ९ डिसेंबर १९७१ रोजी ही युद्धनौका इथून दूर समुद्रात बुडाली, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला आणि १९३ जण तिच्याबरोबर गेले. खलाशाच्या मुलाला तिथं फार वेळ उभं राहवत नाही. मी फातेहा पढलो आणि उतरलो.

पण माझ्या मनात राहिली ती गावातली गल्ली. रंगीत, नक्षीदार घरं, आणि निम्म्यांना कुलपं. दीवचे लोक पिढ्यान्‌पिढ्या मोझांबिकला जात, तिथून पोर्तुगालला गेले. १९६१ पूर्वी इथं जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगीज पासपोर्ट मिळतो, तो घेऊन पुष्कळजण इंग्लंडात पोचले. एका ओट्यावर बसलेल्या म्हातारीनं मला पाणी दिलं. समोरच्या घराचं कुलूप दाखवून म्हणाली, ‘दीकरा, चावी मेरे पास है. दिवाली में झाडू मारती हूँ.’ तिचे स्वतःचे मुलगे लेस्टरला. मी म्हटलं, ‘माझा कुवेतला आहे, माजी.’ ती हसली. आमच्या मोहल्ल्यातही ईदेला उघडणारी आणि नंतर वर्षभर बंद असणारी घरं मोजायला एक हात पुरत नाही.

आमचंही त्यातलंच. अब्बांनी बांधलेलं, त्यांनी वाहिली तशाच मंगळुरी कौलांचं घर. गिऱ्हाईक आलंय, रिसॉर्ट काढणार आहे. मी दीवच्या धक्क्यावर बसलो होतो तेव्हा भाईजानचा फोन आला. ‘सगळ्यांच्या सह्या झाल्या, तुझी तेवढी राहिली. कधी येतोस?’

होड्या वणाकबाऱ्याकडे निघाल्या होत्या, इंजिनांचा आवाज मोठा होता.

‘भाईजान, मी दीवला आलोय,’ मी म्हटलं. ‘आवाज नीट येत नाही. गावी येतो, मग बोलू.’

पलीकडे जरा वेळ शांतता होती. मग त्यांनी विचारलं, ‘दीवला? अब्बा सांगायचे ती भिंत अजून आहे का रे?’