टेकलेला पाय

बाहुलीचे पाय टाळता आले तर शहाणा माणूस टाळतो. राजस्थानच्या कठपुतळीवाल्यांनी कमरेखाली घेरदार कापड सोडलं आणि प्रश्नच मिटवला. गिरकी घेतली की टाळ्या. जपानच्या बुनराकूत स्त्रीपात्रांना बहुधा पाय नसतातच. किमोनोची किनार आतून नीट हलवली की बाई चालते. पुरुषपात्रांना पाय आहेत, पण त्यासाठी वेगळा माणूस नेमलेला. एकाकडे डोकं आणि उजवा हात, दुसऱ्याकडे डावा हात, तिसरा वाकून पाय सांभाळतो. जुन्या रिवाजाप्रमाणे दहा वर्षं पाय, मग दहा वर्षं डावा हात, तेव्हा कुठे डोकं हाती येतं. आपल्याकडे बोलक्या बाहुल्यांचं त्याहून बरं. रामदास पाध्यांचे अर्धवटराव बसल्या जागी उभ्या महाराष्ट्राला हसवतात. हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू?

मी दोऱ्यांच्या बाहुल्या करतो आणि हट्टाने पायवाल्या करतो. त्यातली एक म्हातारी आहे. कमरेवर कळशी घेऊन ती तीन पायऱ्या चढते. एवढाच खेळ. संवाद नाही, गाणं नाही. माझी सगळी उमर त्या तीन पायऱ्यांत गेली म्हटलं तरी चालेल.

नवखा माणूस आधी गुडघ्याचा दोरा ओढतो. पाय वर जातो, पण अंग जागच्या जागी राहतं आणि म्हातारी वाळत घातलेल्या परकरासारखी दिसते. उजवा पाय उचलायचा तर आधी सगळं अंग डाव्या पायावर गेलं पाहिजे. म्हणजे दोरे बांधलेला हातातला कंट्रोल डावीकडे कलवायचा, किती, तर गव्हाच्या दाण्याएवढा. मग डोकं किंचित खाली. मग गुडघा. पाऊल पायरीला लागलं की डोक्याचे दोरे सैल सोडायचे, कारण ताठ राहिले तर पाय नुसता टेकल्यासारखा दिसतो, टेकत नाही. पण केसभर जास्त सैल झाले की गुडघा मोडतो आणि म्हातारी बसते. त्या दोन्हींच्या मधे जी जागा आहे तिथे मला रोज नव्याने जावं लागतं. काल सापडली होती म्हणून आज सापडेल असं नाही. पावसाळ्यात तर लाकूड फुगतं, सांधे आखडतात, सगळा हिशेब पहिल्यापासून. पांगारा हलका म्हणून डोकं-धड त्याचं केलं, आणि मग हलकं झालं म्हणून पावलांत शिसं ओतलं. आमचा धंदा असा.

क्लाइस्ट नावाच्या जर्मन लेखकाने १८१० साली दोऱ्यांच्या बाहुल्यांवर निबंध लिहिला. बाहुलीला वजनाची बाधा नाही, जमिनीला ती निसटता स्पर्श करते, म्हणून ती माणसापेक्षा डौलदार, असं त्यात एक नर्तक सांगतो. शिकलेली माणसं मला हे कौतुकाने ऐकवतात. तो नर्तक खाली बसून पाहत होता. वर उभा राहून दोरे धरले असते तर बाहुली तरंगवणं हे सगळ्यात सोपं काम आहे हे त्याला पहिल्या दिवशी कळलं असतं. सोडून दिली तरी ती तरंगतेच.

आता उजव्या अंगठ्याचं मूळ दुखतं. डॉक्टर म्हणाले सांधा झिजलाय, पकड कमी करा. तमिळनाडूचे बोम्मलाट्टमवाले दोरे डोक्यावरच्या कड्याला बांधतात आणि सगळं वजन मानेवर घेतात. हे मला पूर्वी रांगडं वाटायचं, आता पटतं. माझ्याकडे शिकायला येणारी एक मुलगी आहे, रत्नागिरीतलीच, कॉलेज संपवून आलेली. हात चांगला आहे. म्हातारी तिच्याकडे द्यायची ठरली तेव्हा अडचण निघाली ती उंचीची. ती माझ्याहून वीतभर उंच आहे. दोरे चालवणाऱ्याच्या कोपराला मापून कापलेले असतात. तिने माझ्या दोऱ्यांवर म्हातारी धरली की पाय अधांतरी, आणि पाय टेकवावेत तर हिला वाकून उभं राहावं लागतं. म्हणजे दोरे नवे घालायला हवेत. आणि एकदा घातले की म्हातारी माझ्या हातात चालायची नाही. हे मी महिनोन्महिने टाळलं. मिरकरवाड्यातल्या मासेमारीच्या सामानाच्या दुकानातून काळा विणलेला दोरा आणायचा, एवढंच काम होतं. दुकानदाराकडे माल नाही असं मी तिला सांगत राहिलो.

त्यातच इथल्या एका शाळेच्या हॉलमध्ये बाहुल्यांचं प्रदर्शन भरलं. कल्पना चांगली होती. आजच्या गटांच्या बाहुल्या, फोमच्या, बांबूच्या, पाण्याच्या बाटल्यांच्या. आणि शेजारी त्या ज्यांच्या हातून घडल्या ती गावातली माणसं. गुडघ्याचं चामडं देणारे चपलांच्या दुकानातले काका, उरलेल्या खणातून नऊवारी शिवून देणारी टेलरबाई, दोऱ्याचा दुकानदार. त्याने बिचाऱ्याने तिथे सगळ्यांसमोर सांगितलं की काळा दोरा बारा महिने असतो.

एका कोपऱ्यात पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्या होत्या. कुडाळजवळच्या त्या गावातल्या ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या तिन्ही धरून ठेवल्यात. परशुराम गंगावणे यांनी तर गुरांच्या गोठ्यात संग्रहालय मांडलं, आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. या लोकांपुढे मी गप्प बसतो. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं हे शाळकरी पोरही सांगतं. त्याच भाव्यांनी लाकडाच्या बाहुल्या केल्या होत्या हे नाटकवाल्यांनाही सांगावं लागतं. पिंगुळीत अशी विसराविसर परवडणारी नव्हती, पोट त्यावर होतं.

नव्या गटांपुढे मात्र मी गप्प बसत नाही. लंडनच्या नॅशनल थिएटरने २००७ साली ‘वॉर हॉर्स’ आणलं, त्यात तीन माणसं घोडा चालवतात, ढळढळीत दिसतात, आणि थोड्या वेळाने तुम्ही त्यांना पाहायचं विसरता, कारण घोडा श्वास घेतो. आमच्याकडे त्यातलं चालकाने दिसायचं तेवढं आलं. चालकाचा चेहरा बाहुलीपेक्षा जास्त रडतो. एका गटाने पावलांत मोटर बसवली होती. पाऊल दर वेळी बिनचूक, एकसारखं टेकत होतं. पोरं खूश. तात्या विंचू आहे का, असं विचारून झाल्यावर ती तिथेच रमली.

माझी म्हातारी संयोजकांना भिंतीवर खिळ्याला टांगायची होती, दोरे गुंडाळून. मी हटून बसलो. पाय स्टुलावर टेकलेले हवेत, दोरे पूर्ण हवेत आणि आकडा चालवणाऱ्याच्या कोपराच्या उंचीला हवा. ते बरे होते, शिडी आणली. मुलगी टेप घेऊन वर चढली आणि तिथून विचारलं, “काका, कोणाच्या कोपराच्या?”

हॉलमध्ये चपलांचे काका, टेलरबाई, सगळे ऐकत होते. मी म्हटलं, “तुझ्या.” नाइलाज होता. आणि खरं सांगायचं तर चार माणसांसमोर मोठेपणा मिळतोय हे माझ्या लगेच लक्षात आलं होतं.

प्रदर्शनभर मी खांबाआडून पाहत होतो, म्हातारीसमोर कोण किती थांबतं. बायका थांबल्या, नऊवारीचा काठ पाहिला, टेलरबाईंचा नंबर घेतला. मी पुढे होऊन पावलांतल्या शिशाबद्दल बोलू लागलो. कुणी विचारलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी मुलीने नव्या, लांब दोऱ्यांवर म्हातारीला तीन पायऱ्या चढवून दाखवलं. दोरा लांब झाला की झोका संथ होतो, हे मला माहीत होतं, पण म्हातारी त्यामुळे आणखी दहा वर्षांनी म्हातारी होईल हे डोक्यात आलं नव्हतं. माझ्या हातात ती खमकी होती. आता प्रत्येक पायरीशी थांबते. लोकांना ते आवडलं. मला अजून ठरवता आलेलं नाही.

तिसऱ्या पायरीवर डावा पाय मात्र उशिरा येतो. पाठीच्या दोऱ्याची गाठ अर्धं बोट खाली घ्यायला हवी असं मी म्हणतो. ती म्हणते, शिसंच जास्त आहे, काढून बघू. माझ्या दोऱ्यांवर कधी जास्त झालं नव्हतं, म्हटलं. “हो, पण तुमचे दोरे आखूड होते,” ती म्हणाली आणि पाऊल कानस घेऊन उकरायला बसली. मी गाठीचं अजून सोडलेलं नाही.