चूक कोणत्या ओळीत?

टाइप जुळत नाहीत, एवढं सांगणारा कंपायलर आमच्या धंद्यातला कोणीही लिहील. नेमकं कुठे बिनसलं ते सांगणारा लिहिताना मात्र भल्याभल्यांचा कस लागतो. माझी उमेदीची वर्षं याच एका प्रश्नाभोवती गेली आणि अजूनही रात्री झोप लागण्याआधी डोक्यात घोळतो तो हाच.

मी जी भाषा सांभाळते ती छोटी आहे. विम्याच्या दाव्यांचे नियम तीत लिहिले जातात. लिहिणारी माणसं विमा जाणणारी, प्रोग्रॅमिंगमध्ये मुरलेली नव्हेत. त्यांना कुठेही टाइप लिहावा लागू नये, सगळे टाइप कंपायलरने स्वतः ओळखावेत, हे मी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. रॉबिन मिल्नरचा 1978चा निबंध तेव्हा डोक्यात भिनलेला. एडिंबरामध्ये प्रमेयं सिद्ध करणाऱ्या एका प्रणालीसाठी त्याने एमएल भाषा घडवली आणि प्रोग्रॅमरने एकही टाइप न लिहिता सगळे टाइप ओळखता येतात हे दाखवलं. हिंडलीला 1969मध्ये तर्कशास्त्राच्या बाजूने हेच सापडलं होतं. पुढे 1982मध्ये दामासने मिल्नरबरोबर दाखवून दिलं, की ही रीत शोधते तो टाइप शक्य तितका व्यापक असतो. इतकं देखणं गणित आमच्या क्षेत्रात फार थोडं आहे.

गेल्या वर्षी बार्शीकडची एक मुलगी माझ्या हाताखाली शिकायला आली. हात चांगला, वाचन भरपूर. पण कंपायलर थांबला की ती मी इतक्या निगुतीने लिहिलेला मेसेज वाचायचीच नाही. फक्त लाइन नंबर बघायची आणि थेट त्या ओळीवर जायची. मी कारण विचारलं. ती म्हणाली, "मॅडम, ओळ बरोबर असेल तर काय चुकलंय ते माझं मला दिसतं. आणि ओळच चुकीची असेल तर बाकीचं वाचून काय करू?"

या उत्तराने माझ्या कामाची दिशा बदलली. तोवर मी मेसेजच्या वाक्यरचनेवर, नम्र सुरावर, उदाहरणांवर मेहनत घेत होते. त्यानंतर मी फक्त जागेचा विचार करू लागले.

अडचण अशी आहे. नियमात वरच्या ओळीत कोणी 'मुदत' बाराने गुणली, म्हणजे ती संख्या झाली. खाली दहा ओळींनंतर तीच 'मुदत' पत्राच्या मजकुराला जोडली, म्हणजे ती मजकूर झाली. कंपायलर खालच्या ओळीवर बोट ठेवतो. दोन्ही ओळींची अदलाबदल करा, मग तो गुणाकाराला दोषी ठरवतो. प्रोग्रॅमचा अर्थ तोच, चूक तीच, आरोपी मात्र बदलला. रोजमेळ जुळत नाही हे दिवसाच्या शेवटी बेरीज मारताना कळतं, पण चुकीची नोंद कदाचित दुपारची असते, तशातली ही गत. टाइप एकमेकांशी जुळवणाऱ्या युनिफिकेशनला दिशा नसते. हा टाइप त्या टाइपइतका, एवढंच ते जाणतं. कोणी कोणाला काय व्हायला लावलं याची नोंद ते ठेवत नाही. विसंगती एका ओळीची नसतेच, ओळींनी टाइपवर घातलेल्या सगळ्या बंधनांची मिळून ती असते. त्यातलं कुठलंही एक काढलं तरी उरलेली नीट नांदतात. मग दोष कोणाचा? ते लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं त्यावर ठरतं, आणि मन प्रोग्रॅममध्ये लिहिलेलं नसतं.

यावर मोठ्या माणसांनी डोकं लावलं आहे. मिचेल वाँडने 1986मध्ये सुचवलं, की प्रत्येक निष्कर्षामागचं कारण जपून ठेवा आणि विसंगती आली की ती कारणं दाखवा. ली आणि यी यांनी 1998मध्ये एका वेगळ्या रीतीबद्दल सिद्ध केलं, की ती वरून खाली अपेक्षा पोचवत जाते म्हणून चूक असली की नेहमीच्या रीतीपेक्षा लवकर थांबते. हाक आणि वेल्स यांनी 2003मध्ये चुकीशी संबंध असलेला प्रोग्रॅमचा सगळा भाग, आणि तेवढाच, वेगळा काढून दाखवला. लर्नर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2007मध्ये टाइपचेकरला हातच न लावता प्रोग्रॅममध्ये छोटे बदल करून बघितले: कोणत्या बदलाने गाडी रुळावर येते ते शोधा आणि तेच सुचवा. 2014मध्ये पाव्लिनोविच, किंग आणि वीस यांनी कमीत कमी काय बदललं तर सगळं जुळेल, असा प्रश्न सॉल्व्हरला घातला.

यातलं बरंचसं मी माझ्या भाषेत करून बघितलं. कारणं जपली, तर मेसेज पानभर लांबला. चुकीशी संबंधित सगळ्या ओळी रंगवल्या, तर विद्यार्थिनी म्हणाली, "अर्धा नियमच पिवळा झाला." बंधनांना वजनं दिली, तर एका नियमात अचूक बोट पडायचं आणि दुसऱ्यात भलतीकडेच. वजनं पुन्हा बदलायची, पहिला नियम पुन्हा बिघडायचा.

आणि तरी मी टाइप लिहायला सांगत नव्हते. का, ते इथे मोकळेपणाने सांगते. काहीही न लिहिता सगळं ओळखणारी भाषा ही माझी मिरवण्याची गोष्ट होती. पुण्यातल्या, बंगळुरूतल्या कंपायलरवाल्यांपुढे मी एकही टाइप नसलेला नियम दाखवायचे आणि कंपायलरने काढलेला टाइप पडद्यावर उमटला की त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसायचं त्याची मला चटक होती. वापरणाऱ्यांची सोय हे कारण मी पुढे करत होते. त्यातलं निम्मं खरं होतं.

उट्रेख्टच्या मंडळींचा मला म्हणून फार आदर वाटतो. हास्केल शिकणाऱ्यांसाठी त्यांनी हीलियम नावाचा कंपायलर केला, तेव्हा एकच नाव अनेक टाइपांसाठी वापरू देणारं भाषेतलं ओव्हरलोडिंगच सुरुवातीला बाजूला ठेवलं. मेसेज समजावेत म्हणून भाषेचा एक अभिमानाचा दागिना उतरवून ठेवायला जिगर लागते. रस्ट भाषेने दुसरी वाट धरली. फंक्शनच्या आत टाइप ओळखेन, पण फंक्शनच्या सिग्नेचरमध्ये तो तुम्हीच लिहायचा, हा तिचा नियम आहे. त्यामुळे एका फंक्शनमधली विसंगती कुंपण ओलांडून दुसऱ्याच्या अंगणात जात नाही. पायथॉननेही 2021च्या 3.10 आवृत्तीत न मिटलेल्या कंसाचा दोष पुढच्या निरपराध ओळीवरून काढून जिथे कंस उघडला तिथे नेला. एवढ्या छोट्या बदलाने नवशिक्यांचे किती तास वाचले असतील!

आता नवी मंडळी म्हणतात, मेसेज कसाही असू दे, एआय समजावून सांगेल. मला हे पटत नाही. चुकीच्या ओळीचं गोड स्पष्टीकरण वाचून माणूस त्याच चुकीच्या ओळीत आणखी खोल उतरतो. दुसरीकडे परिषदांमध्ये नव्या टाइप सिस्टिमची साउंडनेस सिद्ध झाली की काम संपलं, असं मानणारे आहेत. ती सिद्धता हवीच, मी तिच्यावरच वाढले. पण चुकलेल्या प्रोग्रॅमबद्दल ती एवढंच म्हणते, की तो नाकारला जाईल. भाषेचा दिवस मात्र बहुतेक चुकलेल्या प्रोग्रॅमच्या संगतीतच जातो. बरोबर प्रोग्रॅम कंपायलरपुढून एकदा जातो आणि निघून जातो.

पावसाळा सरता सरता आम्ही दोघींनी भाषेचं व्याकरण बदललं. प्रत्येक नियमाला आता आत काय येतं आणि बाहेर काय जातं, ते लिहावं लागतं. पिअर्स आणि टर्नर यांनी 1998मध्ये मांडलेल्या स्थानिक अनुमानाच्या वाटेने आतलं सगळं कंपायलर अजूनही स्वतः ओळखतो. लिहिलेला टाइप म्हणजे माणसाने सांगितलेला हेतू. वाद झाला की कंपायलर त्या हेतूची बाजू घेतो. 'मुदत: संख्या' असं वर लिहिलेलं असेल तर मजकुराला जोडणारी ओळच दोषी, ओळी कशाही फिरवा, निकाल बदलत नाही. नियमाच्या आतल्या मधल्या नावांबाबत जुना तिढा अजून आहे, पण आता तो थोड्या ओळींत कोंडलेला आहे. जे दाखवून मी मिरवत होते ते गेलं, याची खंत मला वाटते आणि ती मी लपवणार नाही.

नवी भाषा घडवायला बसलेल्या मुलामुलींना माझी एक विनंती आहे. व्याकरण ठरवायच्या आधी वीसेक चुकलेले प्रोग्रॅम लिहा, आणि प्रत्येकाच्या कोणत्या ओळीवर तुमचा कंपायलर बोट ठेवील ते कागदावर मांडा. ते सांगता येत नसेल, तर भाषा अजून ठरलेली नाही.